कोठडीतल्या पस्तीस रेघा

चौकी आता नाही. वाळूजवरून नगरच्या जुन्या रस्त्यानं पुढं गेलं की डाव्या हाताला एका कारखान्याची लांबलचक पांढरी भिंत लागते. त्या भिंतीच्या आत कुठंतरी ती होती. आत आता पत्रा कापतात. फाटकावरच्या वॉचमनला मी मागं एकदा विचारलं, तर म्हणाला, इथं पहिल्यापासून कारखानाच आहे. 'पहिल्यापासून' ऐकून माझं डोकं फिरतं. पण त्याच्याशी भांडून काय करायचं? तो गेल्या वर्षी कामाला लागलाय आणि बारा-बारा तास उभा असतो.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. कॉलेज सुटल्यात जमा होतं आणि मी पत्रकं लिहायचे. रॉकेलसाठी, नळासाठी, कंपन्यांच्या शिफ्ट बसमधून लटकत जाणाऱ्या कामगारांसाठी. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत आमचा छापखाना होता. आमचा म्हणजे आम्हाला हाकलून न देणारा. तिथल्या म्हाताऱ्या कंपोझिटरनं मला दोन गोष्टी शिकवल्या. पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही. आणि फोटो द्यायचा तर ठळक द्यायचा, कारण आमच्या स्वस्त कागदावर करडं काही उठत नाही. जे आहे ते काळं करून दे, नाहीतर पांढरं, असं तो म्हणायचा. मी ते इतकं मनावर घेतलं की पुढं माणसंही तशीच बघायला लागले.

चौकी निजामाच्या काळातली होती. काळ्या दगडाची, चौकोनी, चारही कोपऱ्यांना बुटके बुरूज. भिंतीत बंदुका रोखायच्या तिरप्या फटी, जंग्या. मधे अंगण, एका बाजूला घोड्यांची पागा, दुसऱ्या बाजूला शिपायांच्या खोल्या आणि टोकाला दगडी छताची कोठडी. निजामाच्या राज्याची सरहद्द जवळ असल्यामुळं अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षात तिथं त्याची फौज होती, मग रझाकार येऊन बसले. पोलीस ॲक्शननंतर सगळे गेले. शिपायांच्या खोल्यांची सागवानी तुळई लोकांनी नेली, दारं नेली. राहिल्या शेळ्या. दर वर्षी मुक्तिदिनाला पुढारी शहरात झेंड्याखाली उभे राहून घसा कोरडा करायचे आणि ज्या कोठड्यांत माणसं कुजली तिथं शेळ्या लेंड्या टाकायच्या. लेण्यांना रंगीत पाट्या, मकबऱ्याला दिवे. चौकीला काही नाही. मग वाळूजला कारखान्यांचे प्लॉट पडायला लागले, त्यात तो तुकडा आला आणि चौकी पाडायचं ठरलं. मी पत्रक काढलं. 'ही भिंत पाडाल तर साक्ष पाडाल.' आजही ती ओळ मला आवडते, याचीच लाज वाटते.

पत्रकासाठी फोटो हवे होते. छावणीत एका चाचांचा स्टुडिओ होता. फौजी लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढायचे, लग्नं करायचे. ते एका रविवारी माझ्याबरोबर आले. मला वाटलं, तासाभराचं काम. त्यांनी दोन वाजल्यापासून पाचपर्यंत मला पागेच्या ओट्यावर बसवून ठेवलं. कॅमेरा स्टँडवर लावून ते नुसते उन्हाकडं बघत बसले. मी दोनदा घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, "दोपहर की धूप में सब सपाट दिखता बेटा. तिरछी होने दो, फिर देखो."

आणि खरंच, पाचच्या सुमाराला ऊन आडवं झालं तसा एकेक दगड भिंतीतून पुढं आला. छिन्नीचे घाव दिसायला लागले, जंग्यांच्या कडेला पाठीच्या घासण्यानं पडलेली झिलई दिसायला लागली. तेव्हा पटापट त्यांनी फोटो घेतले. ते बाहेरचे फोटो माझ्याकडे आहेत. अप्रतिम आहेत आणि कशाच्याही कामाचे नाहीत. कोठडीचा त्या दिवशी काढला नाही, कारण धनगरांनी तिच्यात छपरापर्यंत कडबा भरलेला होता.

परत येताना चाचांनी सांगितलं की त्यांचे वडील अशाच एका चौकीवर शिपाई होते. ॲक्शननंतर वर्दी उतरवून घरी आले आणि मरेपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही की ती कुठली चौकी. माझं पत्रक छापून आल्यावर त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. 'जुलमाचा अड्डा' या शब्दांवर थांबले. जुलूम लिहिला ते ठीक, म्हणाले, पोटासाठी नोकरी करणारेही तिथं होते, तेवढं एका ओळीत बसलं असतं. मी म्हटलं, जागा नव्हती. जागा होती. खाली संघटनेचं नाव दोनदा छापलं होतं.

ते पत्रक वाळूजच्या बाजारात वाटलं आणि चार दिवसांनी तात्या छापखान्यात आले. साठीचे, उंच, अंबाडीचे दोर वळून वळून तळहात दगडासारखे झालेले. वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी पत्रक वाचून घेतलेलं आणि घडी करून टोपीत ठेवलेलं. लिहिणारा कोण म्हणून विचारत होते. माझ्याकडं बोट केल्यावर त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू कोठडी लिहिलीस. म्या होतो त्या कोठडीत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथं थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चौकीपासून तीन कोसांवर त्यांचं गाव. सरहद्दीपलीकडं लढ्यातल्या आपल्या लोकांचा कॅम्प होता, त्यांना हे रात्रीत भाकरी आणि निरोप पोचवायचे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पकडले गेले. हे सगळ्या गावाला माहीत होतं, यात वाद नव्हता. पुढं पोळ्याच्या दिवशी गावातली दोन पोरं बाजरीच्या रानात लपलेली होती, रझाकार थेट त्या रानात गेले आणि दोघांना गोळ्या घातल्या. गावात एकच प्रश्न उरला, जागा दाखवली कुणी? आणि गावानं उत्तर ठरवलं. तात्या जिवंत परत आले, म्हणजे त्यांनीच. पोळ्याआधीच त्यांना सोडलं होतं, त्या बदल्यात त्यांनी रान दाखवलं, आणि भारताची फौज येईपर्यंत कुठंतरी दडून बसले.

तात्या म्हणत, मी पोळ्याला आतच होतो. फौजेच्या गाड्या आल्या त्या दिवशी, गावोगाव गणपती बसलेले होते तेव्हा, कुणीतरी कुलूप तोडलं आणि मी बाहेर पडलो. ऐकणारं कुणी नव्हतं. बरोबरचे दोघं कैदी पुढं मेले. तीसेक वर्षं गावात त्यांच्या पंगतीला कुणी बसलं नाही. एका पोराची आई वारली तेव्हा हे खांदा द्यायला गेले, तर लोकांनी रस्त्यातच थांबवलं. मुलाला बायको करायची तर पार परभणीकडची करावी लागली, जवळचं कुणी देईना.

आणि आता गावच्या शाळेपुढं दगडी खांब उभा राहणार होता. त्या लढ्यातल्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. तात्यांचं नाव यादीत नव्हतं.

"भिंतीवर रेघा हायेत," ते म्हणाले. "दिवसाला एक. नालेच्या खिळ्यानं वढलेल्या. पोळ्यापर्यंत पंचवीस झाल्या हुत्या, तिथं म्या थांबलो नाय. सुटलो त्या दिवशी वर आडवी वढली."

साधा हिशोब होता. पंचवीसवर थांबत असतील तर गाव खरं. पुढं जात असतील तर तात्या खरे.

मी पेटले. सरपंचांना भेटायला गेले. ते बाजरीच्या रानात मारलेल्या दोघा पोरांपैकी एकाचे पुतणे, तात्यांच्या अंगावर कधी धावून न गेलेले, पण त्यांच्याकडं कधी न बघितलेलेही. त्यांनी माझं सगळं ऐकलं. म्हणाले, पुरावा आणा. परवा शाळेत बैठक आहे, नावं तेव्हा पक्की होतील, दगड कोरणारा त्याच दिवशी यादी घेऊन जाईल. मी म्हटलं, फोटो आणते. भिंतच येऊन बघा, असं म्हणायला काय झालं होतं मला? पण मला फोटो हवा होता. त्याचं पत्रक काढायचं होतं. मथळासुद्धा डोक्यात तयार होता.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरी लग्न होतं, त्यांना येता येईना. त्यांनी कॅमेरा दिला, स्टँड दिला, आतल्या अंधाराला किती वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवायचा ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. कोठडीच्या जंग्या मावळतीकडं आहेत हे त्यांच्या लक्षात होतं. म्हणाले, साडेचारच्या पुढं ऊन त्या फटींतून आत शिरेल आणि समोरच्या भिंतीवर आडवं सरकेल. तोवर बसून राहा. मी निघाले तर मागून हाक मारली. "और दीवार कू हाथ नको लगाना. कुछ नको करना. बैठना बस."

मी बसले नाही.

पाच वाजता वाळूजला एका कंपनीच्या फाटकावर सभा होती. शिफ्ट सुटायची वेळ. माझं भाषण होतं, पहिलंच मोठं. चार वाजता मला चौकीतून निघायलाच हवं होतं. ती सभा कशाची होती ते आता मला आठवावं लागतं. भाषण मात्र पाठ आहे.

तात्या बरोबर आले होते. कडबा त्यांनी आणि मी मिळून दुपारी बाहेर काढला, म्हणजे मी आतून दारापर्यंत ओढायचा आणि त्यांनी दारातून पुढं. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाय ठेवला नाही. मी म्हटलं, तात्या, तुम्हीच दाखवा कुठली भिंत. त्यांनी बाहेरूनच सांगितलं, जंग्यांच्या समोरची, बसल्यावर उजव्या खांद्यापाशी. आणि लिंबाखाली जाऊन बसले.

आत भर दुपारी करडा उजेड होता. भिंतीला चुन्याचा जुना गिलावा, त्यावर धनगरांच्या चुलींचा धूर. आधी काहीच दिसेना. मग हात फिरवला आणि रेघा लागल्या. बोटांना एकेक करून, अगदी स्पष्ट. आंधळ्या माणसालाही मोजता आल्या असत्या. मी ओरडून तात्यांना सांगितलं, आहेत.

एक फोटो मी तसाच घेतला. पण मला माहीत होतं, त्यात काही येणार नाही. करड्यावर करडं. आणि करडं उठत नाही.

जमिनीवर एक मोळा, जाड लोखंडी खिळा, पडला होता. तो घेऊन मी रेघांतली माती आणि धूर खरवडायला लागले. नुसतं साफ करत होते, मी स्वतःला सांगत होते. बऱ्याच रेघा खोल होत्या. पाच-सहा उथळ होत्या, हाताला लागत पण डोळ्याला दिसत नव्हत्या. त्यांच्यावरून मी मोळा दोनदा ओढला. सरळ ओढला. मग बाहेर गेले आणि तात्यांकडं चुना मागितला. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, चंचीतून डबी काढून दिली. बाटलीतलं पाणी घालून मी तो पातळ केला आणि बोटानं एकेक रेघ भरली. काळ्या भिंतीवर पांढऱ्या रेघा. पस्तीस. मी आतून ओरडले, पस्तीस. तात्यांचा आवाज आला, "आडवी धरली का?" आडवी वर होती, जराशी तिरकी. तीही भरली.

फोटो फार सुंदर आले. चाचांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या प्रिंटकडं एकदा पाहिलं, तो दोरीला अडकवला आणि दुसऱ्या कामाला लागले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं नसेल, त्यांच्याशिवाय जमलं म्हणून. इतकी मी मूर्ख होते.

बैठकीत पंधरा-वीस माणसं होती. तात्या दाराशी, चपलांजवळ बसले होते. फोटो हातोहात फिरला. सरपंचांनी तो खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, ताई, हा चुना कधीचा? मी खरं सांगितलं, कालचा, रेघा दिसाव्यात म्हणून मी भरला. वर्गात कुणीतरी खाकरलं. कुणी म्हणालं, चुना भरता येतो तशा रेघाही वढता येतात. मी उसळले. काय काय बोलले ते लिहीत नाही, त्यात गावाला, सरकारला आणि खाकरणाऱ्याच्या बापाला सगळ्यांना घेतलं. सरपंचांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग चला, भिंतच बघू.

जीपमधून आम्ही गेलो. सरपंच, दोन म्हातारे, तात्या, मी. उन्हं उतरायला आली होती. या वेळी तात्या उंबरा ओलांडून आत आले. जंग्यांमधून ऊन शिरलं होतं आणि ती सगळी भिंत उजळली होती, चाचांनी सांगितलं होतं अगदी तशी. गिलाव्यावरचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खड्डा आपापल्या सावलीसकट वर आला होता. जरा अंतरावर कुणीतरी उर्दूत काही कोरलेलं होतं, काल मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. माझ्या रेघा तेवढ्या सपाट आणि पांढऱ्या फटक होत्या.

सरपंचांनी उपरण्याचं टोक ओलं करून एका रेघेतला चुना पुसला. खाली गिलावा ताजा खरवडलेला, पिठासारखा पांढरा. दुसरी पुसली, तीही तशीच. पोळ्यानंतरच्या रेघा त्यांनी मोजून काढल्या आणि एकेक पुसल्या. मला उथळ लागलेल्या रेघा बहुतेक त्यांतल्याच होत्या. माणूस अशक्त झाल्यावर हात जोर धरत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. त्यावर माझ्या मोळ्याची नवी खूण होती, सरळ.

तात्यांनी पुढं होऊन पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "ह्या माझ्याच हायेत," ते म्हणाले.

"असतील तात्या," सरपंच म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा त्यांना तात्या म्हटलं असेल. "पण आता कसं कळायचं?"

मग ते माझ्याकडं वळले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. म्हणाले, "ताई, मी मानायलाच आलो हुतो. एवढी वर्षं कुणावर तरी राग धरून मीबी दमलोय. तुम्ही हात नसता लावला तर बरं झालं असतं."

मी काहीही केलं नसतं तर ती भिंत पुरेशी होती. हे वाक्य मी रोज लिहू शकते. ज्या सरकारनं तिथं शेळ्या सोडल्या, ज्या धनगरांनी चुली पेटवल्या, ज्या लोकांनी दारं नेली, त्या सगळ्यांच्या हातून त्या रेघा वाचल्या होत्या. त्या रेघांच्या बाजूनं लढणारी मी एका दुपारी गेले आणि त्या संपल्या.

येताना वाळूजच्या फाट्यावर तात्यांनी गाडी थांबवायला सांगितली, माझी एसटी चुकू नये म्हणून. मी उतरले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, अगदी सहज, घरच्या माणसासारखं, "पोरी, काल तुझी सभा कशी झाली गं?"

चांगली झाली, मी म्हटलं.

खांब उभा राहिला. नावं कोरली गेली, तात्यांचं नाही. पावसाळ्याआधी चौकी पाडली. मी फलक घेऊन तिथं उभी राहिले, संघटनेतले तिघं आले होते, ते जेवायच्या वेळेला गेले. कोठडीची भिंत कधी पडली ते मला कळलंही नाही, धूळ इतकी होती. तो दगड रस्त्याच्या भरावाला गेला म्हणतात.

चुना भरण्याआधी मी घेतलेला तो एक फोटो राहिला होता. चाचांना आठवण होती. त्यांनी अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर दोन दिवस घातले, कागद बदलून बदलून प्रिंट काढले. शेवटच्या प्रिंटमध्ये, करड्या भिंतीवर, नीट पाहिलं तर अकरा रेघा दिसतात. अकरा. पंचवीसदेखील नाहीत. त्यांनी तो मला पाकिटात घालून दिला. दीवार कू हाथ, एवढंच म्हणाले.

मी तो घेऊन तात्यांकडं गेले. ते ओसरीवर दोर वळत होते. डोळे आता फारसे चालत नव्हते. त्यांनी हात धोतराला पुसले, फोटो मांडीवर ठेवला आणि तळहात त्यावरून फिरवला. डावीकडून उजवीकडं, मग परत. जसा मी कोठडीत फिरवला होता तसा.

"हाताला काय लागत नाय गं," ते म्हणाले, आणि फोटो मला परत दिला.